सिंगापूरची धोरणशाळा आणि झाडूचा दर

सिंगापूर म्हटले की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे उंच इमारती, चकचकीत दुकाने आणि रस्त्यावर थुंकले तर होणारा दंड एवढेच उभे राहते. सहलीवाले दाखवतात तेही तेवढेच. आम्ही दोघे नवरा-बायको फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस तेथे गेलो ते सहलीला म्हणून नव्हे. आमची थोरली मुलगी तेथे शिकत होती. 'काय शिकते?' असे वस्तीत कोणी विचारले की आमची पंचाईत व्हायची. डॉक्टर म्हटले, इंजिनीअर म्हटले, की पुढे बोलावे लागत नाही. 'पब्लिक पॉलिसी' म्हटले की समोरचा विचारायचा, 'म्हणजे एल. आय. सी.चे का?'

तर वाचकहो, ही पॉलिसी विम्याची नव्हे. नळाला पाणी पहाटे चारला येणार की सकाळी सातला, रेशनवर तांदूळ किती मिळणार, बस वस्तीवरून जाणार की वळसा घालून, सफाईचे काम कायम कामगाराने करायचे की ठेकेदाराच्या माणसाने, हे कोणीतरी कोठेतरी बसून ठरवत असते. ते कसे ठरते, त्याला पैसा किती लागतो, फायदा कोणाला आणि भुर्दंड कोणाला, याचा हिशेब मांडायला शिकणे म्हणजे सार्वजनिक धोरणाचा अभ्यास. आपल्याला हा विषय तसा नवा नाही. बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले ते अर्थशास्त्र शिकायला. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतांच्या जमाखर्चावरचा त्यांचा प्रबंध १९२५ मध्ये पुस्तकरूपाने निघाला. सरकारी पैसा कोठून येतो नि कोठे जातो, हाच त्याचा विषय.

आमच्या घरात या शिक्षणाची किंमत काय पडली ते आधी सांगितले पाहिजे. आम्ही महापालिकेच्या सफाई खात्यात ३३ वर्षे काढली, शेवटची सहा मुकादम म्हणून. राहायला खात्याची खोली. नोकरी संपली की खोलीही संपते. लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते, म्हणून निवृत्तीच्या दोन वर्षे आधीपासून नातेवाइकांचे सुरू झाले, 'पोरीला लावा कामाला. खोली राहील, पगार राहील.' सांगणारे वाईटावर नव्हते. मुंबईत डोक्यावरचे छप्पर सोडणे ही काय थट्टा आहे? मुलगी पदवीधर होऊन एका संस्थेत नोकरी करीत होती आणि रात्री विहाराच्या अभ्यासिकेत परदेशी परीक्षेची गणिते सोडवीत होती. ती म्हणाली, 'पप्पा, तुमचा पगार कोण नि कसा ठरवतो ते मला शिकायचे आहे.' एका बँकेने कर्जाला तारण मागितले. तारणाला आमच्याकडे काय होते? शेवटी त्या शाळेनेच शिष्यवृत्ती दिली तेव्हा काम झाले. आम्ही खोली सोडली आणि बदलापूरला भाड्याने राहायला गेलो.

मुंबईहून विमानाने साडेपाच तास लागतात. घड्याळ अडीच तास पुढे करायचे. देश केवढा, तर बृहन्मुंबईच्या साधारण दीडपट, आणि वस्ती साठ लाखांच्या आसपास. अधिकृत भाषा चार: मलय, चिनी, तमिळ आणि इंग्रजी. विषुववृत्त जवळ, त्यामुळे उकाडा आपल्या मे महिन्यासारखा आणि पाऊस केव्हाही. विमानतळाचे वर्णन आम्ही करीत नाही, ते सगळेच करतात.

शाळेचे नाव 'ली क्वान यू स्कूल ऑफ पब्लिक पॉलिसी'. ली क्वान यू हे त्या देशाचे पहिले पंतप्रधान, १९५९ ते १९९० एवढा काळ त्या पदावर. शाळा मात्र अलीकडची, २००४ सालची, सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाचा भाग. बुकित तिमा रस्त्यावर इंग्रजांच्या काळातले रॅफल्स कॉलेज होते, त्याच जुन्या आवारात ती भरते. कौलारू छपरे, लांब व्हरांडे, मध्ये हिरवळीचे चौक. शेजारी १८५९ सालापासूनची वनस्पती-बाग, जी २०१५ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदली गेली. दुपारी तेथे झाडाखाली बसून मुले पुस्तके वाचतात. मुलीची आई म्हणाली, 'एवढी सावली असती तर मीपण शिकले असते.'

वर्गात बाके घोड्याच्या नालासारखी मांडलेली असतात. प्रत्येकापुढे नावाची पाटी. शिकवणारा मधे उभा राहून प्रश्न टाकतो आणि ज्याला बोलायचे त्याने बोलायचे. मुलीच्या वर्गात भूतानचा सरकारी अधिकारी होता, इंडोनेशियाच्या अर्थखात्यातील बाई होती, बांगलादेशचे, चीनचे, फिलिपाइन्सचे लोक होते. म्यानमारचा एक मुलगा होता. त्याच्या देशात फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, त्यामुळे शिक्षण संपल्यावर परत जायचे की नाही हाच त्याचा प्रश्न. धोरण शिकून करायचे काय, असे तो कधीकधी विचारी. यावर कोणापाशी उत्तर नसे.

पहिली सहामाही मुलीला जड गेली. आठवड्याला शेकडो पाने वाचायची, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, वर गटाने मिळून करायचे काम. मोठ्या कॉलेजांतून आलेल्या मुलांचे इंग्रजी पाण्यासारखे वाहायचे आणि हिचे वाक्य जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. आपल्या देशाचे विद्यार्थी भरपूर होते, पण एका जेवणात त्यातल्या एकाने हिला आडनाव विचारले, मग पूर्ण नाव, मग गाव. समुद्र ओलांडला तरी ही चौकशी सुटत नाही. तिने नाव, गाव, वडिलांचा धंदा, सगळे एकदमच सांगून टाकले. त्यानंतर त्या गृहस्थाने काही विचारले नाही.

खोली मिळायलाही तीन आठवडे लागले. भाड्याच्या जाहिरातींत 'भारतीय नकोत' असे कोठे उघड, कोठे आडून लिहिलेले. एका घरमालकाने फोनवर नाव ऐकूनच खोली गेली म्हणून सांगितले. शेवटी तोआ पायो भागात एका विधवा मलय बाईंनी आपल्या घरातली एक खोली दिली. मुलगी त्यांना 'मकचिक' म्हणते, म्हणजे मावशी. आम्ही बारा दिवस त्यांच्याकडेच राहिलो. त्यांनी दोन गाद्या काढून दिल्या आणि वेगळे भाडे घेतले नाही.

हे घर सरकारी गृहनिर्माण मंडळाचे. मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात बुकित हो स्वी येथील झोपडवस्तीला आग लागून सुमारे १६,००० माणसे बेघर झाली, आणि मंडळाने त्या जागेवर भराभर इमारती उठवल्या. आज तेथल्या दर दहा रहिवाशांपैकी जवळजवळ आठ जण मंडळाच्या घरात राहतात. घर ९९ वर्षांच्या पट्ट्याने मिळते आणि हप्ता भविष्यनिर्वाह निधीतून भरता येतो. खोली गमावून आलेल्या माणसाला हे ऐकताना काय वाटले असेल ते वाचकांनी समजून घ्यावे. इमारतीचा तळमजला मोकळा ठेवलेला असतो. आमच्या मुक्कामात त्याच जागी शनिवारी एक मलय लग्न झाले आणि नंतर दोनच दिवसांनी पलीकडच्या इमारतीखाली एका चिनी म्हाताऱ्याचे अंत्यविधी. चाळीच्या पटांगणासारखेच सगळे, फक्त वर छत.

या घरांचा एक नियम आम्हाला विचारात पाडून गेला. १ मार्च १९८९ पासून प्रत्येक इमारतीत आणि प्रत्येक वसाहतीत चिनी, मलय व भारतीय कुटुंबांची कमाल टक्केवारी ठरवून दिलेली आहे. एका जातकुळीची वेगळी आळी होऊ द्यायची नाही, हा हेतू. आपल्याकडे सोसायट्या आडनाव नि आहार पाहून घर नाकारतात, तेथे सरकार म्हणते की मिसळूनच राहावे लागेल. आम्ही लगेच म्हणालो, 'हा कायदा आपल्याकडे आणा.' मुलगी हसली. म्हणाली, वर्गात यावर दोन तास वाद झाला. अल्पसंख्य कुटुंबाला घर विकायचे असते तेव्हा मर्यादा भरलेली असली तर ते आपल्याच समाजाच्या गिऱ्हाइकाला विकावे लागते, गिऱ्हाईक कमी, म्हणून भाव कमी. ही अडचण तेथील सरकारनेही मान्य केली आहे. म्हणजे एकत्र राहण्याचा खर्च थोड्यांच्याच खिशातून. आणि एवढे करून भाड्याच्या जाहिरातीत 'भारतीय नकोत' आहेच. 'पप्पा, नियम चांगला आहे म्हणून सोडून द्यायचे नसते, बिल कोणाच्या नावाने फाटते ते बघायचे असते,' ती म्हणाली. आमचे मत तरीही त्या नियमाच्या बाजूनेच आहे. एवढे सोसून का होईना, एका जिन्यावर तीन समाज चढतात.

आता झाडूकडे येतो. तेथील रस्ते स्वच्छ असतात हे खरे, पण ते कायद्याच्या धाकाने स्वच्छ असतात असे जे सांगतात त्यांनी पहाटे पाचला उठून पाहावे. आम्ही ३३ वर्षांच्या सवयीने उठतच होतो. खाली पाहिले तर हिरव्या-पिवळ्या जाकिटातली माणसे झाडत होती, कोणी आपल्याकडच्यासारखी सावळी, कोणी पिकल्या केसांची चिनी. लोक खायला जातात त्या सार्वजनिक भोजनगृहांतही टेबले पुसणारे बहुतेक म्हातारे. २०२१ पासून आपले ताट आपणच उचलून ठेवण्याची सक्ती झाली आहे, न उचलल्यास दंड. तेवढा एक कायदा आम्हाला फार आवडला. तरी सांडलेले पुसायला सत्तरीची आजीबाई येतेच.

या आजीबाईंच्या पगाराचा धडा मुलीच्या वर्गात होता. सिंगापुरात सर्वांसाठी किमान वेतनाचा कायदा नाही. सफाईचे ठेके सर्वांत कमी बोलीला जायचे, त्यामुळे पगार वर्षानुवर्षे जागच्या जागी. मग २०१४ पासून सरकारने नियम केला की ठेकेदाराला परवाना हवा असेल तर सफाई कामगाराला दरमहा निदान १,००० डॉलर मूळ पगार द्यायचा, आणि कौशल्याप्रमाणे पायऱ्या चढवत न्यायचा. जुलै २०२३ पासून तो आकडा १,५७० होता, पुढच्या वर्षांच्या वाढीही आधीच ठरवून जाहीर केलेल्या. आम्ही बोटांवर रुपये मोजू लागलो. एका डॉलरचे ६२ रुपये धरले तर सत्त्याण्णव हजार! मुलीने थांबवले. मुलीच्या एका खोलीचेच भाडे ९०० डॉलर. रुपयात गुणले की सगळे श्रीमंत दिसतात.

वर्गात प्रश्न निघाला की सफाई कामगाराचा पगार इतकी वर्षे का वाढला नाही. कोणी म्हणाले, कौशल्य कमी. कोणी म्हणाले, माणसे जास्त. आमच्या मुलीने हात वर केला आणि विचारले, 'एका माणसाने किती मीटर झाडायचे, हे ठेक्यात लिहिलेले असते का?' मग तिने फळ्यावर बीट म्हणजे काय ते काढून दाखवले. सकाळी हजेरी, मुकादम बीट वाटून देतो, बाजाराच्या दिवशी तेच बीट दुप्पट जड, पावसाळ्यात ओला कचरा तिप्पट वजनाचा, एक माणूस गैरहजर तर त्याचे बीट शेजारच्यावर. पगार तोच ठेवून बीट वाढवले तर कागदावर काहीच कमी होत नाही, पण माणसाचा दर कमी झालेला असतो. हे सगळे तिने लहानपणी घरात ऐकलेले. शिकवणाऱ्या बाईंनी पुढच्या तासाला तो फळा पुन्हा काढायला लावला म्हणे. मुलीची आई हे ऐकून काहीच बोलली नाही, उठून चहा टाकायला गेली.

आणि या नियमातले भोक असे, की ही पगाराची पायरी तेथील नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच लागू आहे. बाहेरून परवान्यावर आणलेला कामगार त्यात धरलेला नाही. तोच झाडू, तोच रस्ता, दर वेगळा. आम्हाला हे ओळखीचे वाटले. आपल्याकडे कायम आणि कंत्राटी एकाच गाडीवर कचरा भरतात. मुंबईत २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करावे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला, तो कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे लढल्यावर.

रविवारी मुलीने आम्हाला 'लिटल इंडिया' भागात नेले. तमिळनाडूचे, आंध्र-तेलंगणाचे, पंजाबचे आणि बांगलादेशचे हजारो मजूर त्या एका दिवशी तेथे येतात. पैसे गावी पाठवतात, फुटपाथवर बसून गप्पा मारतात, केस कापून घेतात. इमारती, बोगदे, बंदर बांधणारी ही माणसे. आठवडाभर शहराच्या कडेच्या वसतिगृहांत राहतात. कामावर जाताना लॉरीच्या मागच्या उघड्या भागात बसवून नेतात. आपल्या शाळेतल्या वर्गमैत्रिणी हे रस्त्यावर पाहून रोज पुढे जातात, असे मुलगी म्हणाली. २०२० च्या साथीत या वसतिगृहांना महिनोन् महिने कुलपे होती. त्या वर्षी डिसेंबरात सरकारनेच जाहीर केले की तेथल्या ४७ टक्के कामगारांना लागण होऊन गेली. एका खोलीत दहा-वीस माणसे, मग दुसरे काय होणार? उरलेल्या शहरात त्या मानाने फार थोडी लागण झाली. घरांचे इतके उत्तम नियोजन करणाऱ्या देशाने या माणसांची घरे मोजणीत कशी धरली नाहीत, हा प्रश्न आम्हाला तेथे राहून राहून पडला.

कामगारांनी मोर्चा का काढला नाही, असे आम्ही भाबडेपणाने नव्हे, मुद्दाम विचारले. तर तेथे परवानगीशिवाय सभा-मोर्चाला जागा एकच, हाँग लिम पार्कमधला 'वक्त्यांचा कोपरा', २००० साली सुरू झालेला. परदेशी माणसाने तेथल्या निदर्शनात सामील व्हायचे नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये चीनहून आणलेल्या १७१ बसचालकांनी पगारातील भेदाविरुद्ध काम बंद ठेवले. पाच जणांना तुरुंगवास झाला, २९ जणांना परत धाडले. तो त्या देशातला सव्वीस वर्षांतला पहिला संप होता. शिवाजी पार्क नि आझाद मैदान पाहिलेल्या माणसाला तो कोपरा पाहून कसेसेच झाले. गवत मात्र उत्तम राखलेले आहे.

दुसऱ्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला एखाद्या खऱ्या संस्थेचा खरा प्रश्न घेऊन अहवाल लिहावा लागतो. मुलीने सफाईच्या ठेक्यांचा विषय घेतला होता. ठेक्यात माणशी क्षेत्र लिहावे, विश्रांतीला जागा द्यावी, आणि परदेशी सफाई कामगारांनाही पगाराच्या पायऱ्या लागू कराव्यात, असे तिचे म्हणणे. पहिल्या दोन गोष्टी त्या संस्थेला पटल्या. तिसरी 'विषयाबाहेरची' म्हणून परिशिष्टात टाकायला सांगितले. दोन रात्री तिने विचार केला. परिशिष्ट म्हणजे काय, असे तिच्या आईने विचारले. 'अहवालाच्या शेवटी जोडतात ते.' 'म्हणजे मागची खोली,' आई म्हणाली. शेवटी तो भाग मागेच गेला, पण मुलीने त्यातला एकही आकडा गाळला नाही, उलट सगळी कोष्टके तेथेच ठेवली. संस्थेचे लोक आकडे शोधायला मागेच येणार, असा तिचा हिशेब. त्या उन्हाळ्यात तिला पदवी मिळाली आणि आता ती मुंबईत कंत्राटी कामगारांच्या वेतनावर काम करते. पगार फार नाही. बदलापूरचे भाडे निघते.

ज्या घरांतून मुले-मुली या वाटेने जाऊ पाहतात त्यांच्यासाठी थोडे. हा अभ्यासक्रम साधारण दोन वर्षांचा असतो. सिंगापूरशिवाय टोकियोतील 'ग्रिप्स' आणि दक्षिण कोरियात सेजोंग येथील 'के. डी. आय. स्कूल' येथेही तो इंग्रजीतून शिकवतात, आणि या शाळांच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्या आहेत. आपल्या शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, जागा ७५. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या जागा १२५, त्यातल्या ३० टक्के मुलींसाठी. दोन्हींना उत्पन्नाची, वयाची आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, ती वर्षागणिक बदलते, म्हणून त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी, ऐकीव माहितीवर जाऊ नये. सिंगापूरचा वर्ग ऑगस्टात सुरू होतो, तेव्हा तयारी आदल्या वर्षाच्या पावसाळ्यातच धरावी. इंग्रजीची परीक्षा, शिफारसपत्रे, का शिकायचे यावर लिहिलेला मजकूर, एवढे लागतेच. शिफारसपत्रासाठी कॉलेजातल्या एखाद्या तरी शिक्षकाशी शेवटच्या वर्षी ओळख ठेवा. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि पासपोर्ट आधीच काढून ठेवावेत. आणि सगळ्या कागदांवर नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, तेवढे पाहा. आमच्याकडे आईच्या नावात एका अक्षराचा फरक होता, त्यासाठी तीन चकरा पडल्या.